गव्हाणीतले बाळ : नाताळच्या प्रथांमागचा अर्थ

ज्यांच्या दारात जनावरे आहेत त्यांना गव्हाण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दगडमातीची किंवा लाकडाची, तळाशी कडब्याचा चुरा साचलेली, जनावरांच्या माना घासून घासून काठ गुळगुळीत झालेली गव्हाण मिरज तालुक्यातल्या वाडीवस्तीवर आजही दिसते. मी मिरजेत आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेत (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) लहान मुलांना शिकवते. शहरात वाढलेल्या मुलांना हा शब्द मला आधी समजावून द्यावा लागतो, आणि तो एकदा नीट समजला की नाताळ समजावण्याचे निम्मे काम झाले, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. चांदणी, झाड, मेणबत्त्या, भेटवस्तू, लाल अंगरख्यातला सांता या सगळ्या गोष्टी नंतरच्या शतकांत या सणाला येऊन मिळाल्या. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या एका पुस्तकात, देवदूत मेंढपाळांना तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता देतो, तेव्हा त्याला ओळखायचे कसे यासाठी एकच खूण सांगतो : बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले एक बालक.

नाताळात आमच्याकडून शेजारी करंज्या, चकल्या आणि शंकरपाळ्यांचे ताट जाते, जसे त्यांच्याकडून दिवाळीत आमच्याकडे येते. ताट रिकामे परत द्यायचे नाही ही दोन्ही घरांची रीत असल्यामुळे ते मूठभर साखर घालून परत येते, आणि त्याच्याबरोबर बहुतेक वेळा एखादा प्रश्नही येतो. एका वर्षी शेजारच्या काकूंनी विचारले, "झाड कशाला, चांदणी कशाला, आणि तुमचा देव गोठ्यात कशाला?" या तीन प्रश्नांपैकी शेवटच्याचे उत्तर आधी दिले तरच पहिल्या दोहोंना अर्थ येतो, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्याचा अर्थ जन्म असा आहे. मराठी मंडळ्यांत या दिवसाला ख्रिस्तजयंती असेही म्हणतात. या जन्माची कथा लूक आणि मत्तय या दोनच शुभवर्तमानांत सांगितलेली आहे. लूकच्या कथेत रोमचा सम्राट कैसर औगुस्त साऱ्या प्रजेची नावनिशी लिहिण्याचा हुकूम काढतो, आणि त्यासाठी योसेफाला गरोदर मरीयेसह नासरेथहून आपल्या पूर्वजांच्या गावी, बेथलेहेमला, जावे लागते. अंतर शंभराहून अधिक किलोमीटरचे होते. तिथे तिचे दिवस भरतात, आणि उतारशाळेत जागा नसल्यामुळे ती आपल्या पहिल्या मुलाला गव्हाणीत निजवते.

'उतारशाळा' हा आपल्या मराठी पवित्र शास्त्रातला शब्द वाचला की धर्मशाळेचा दार लावून घेणारा मालक डोळ्यांपुढे येतो, आणि मुलांच्या नाटकांत तर त्याची भूमिका ठरलेलीच असते. मूळ कथेत मात्र असा मालक कोठेही नाही. इथे जो ग्रीक शब्द आहे तो लूकनेच पुढे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरला आहे, आणि चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात खरोखरीची धर्मशाळा सांगायची होती तेव्हा त्याने दुसराच शब्द योजला आहे. त्यामुळे हा शब्द घरातल्या पाहुण्यांच्या खोलीसाठी असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्या काळी पॅलेस्टाईनमधल्या साध्या घरांत रात्री जनावरे घराच्याच सखल भागात बांधली जात आणि माणसे पायरीभर उंचावर निजत. आपल्याकडच्या जुन्या घरांत आत शिरताच एका बाजूला बैल आणि म्हैस, आणि दुसऱ्या बाजूला चूल व अंथरुणे असत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. मला हा अर्थ अधिक भावतो. त्यात कोणी निष्ठुर मालक नाही. भरलेल्या घरातले एक गरीब कुटुंब आहे, आणि जागा उरली नाही म्हणून जनावरांच्या बाजूला सरकलेली एक बाळंतीण आहे.

सांगली जिल्ह्यात डिसेंबर म्हणजे उसाच्या गळिताचा भर. कृष्णाकाठच्या फडांवर त्या वेळी बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या असतात, शेजारी गाड्या आणि बैल असतात, आणि पहाटेच्या थंडीत कोयता चालू झालेला असतो. गरोदर स्त्रियाही या हंगामात फडावर येतात आणि कधी बाळंतपण तिथेच होते. शब्बाथ शाळेतल्या मुलांना मी बेथलेहेमचे चित्र काढायला सांगते तेव्हा परदेशी भेटकार्डावरच्या बर्फाऐवजी या कोप्यांकडे पाहून काढा असे सांगते. कोणाच्या तरी हुकमामुळे किंवा पोटासाठी घरापासून दूर यावे लागलेले जोडपे, उघड्यावरचा संसार, जनावरांच्या श्वासाची ऊब, आणि त्यात जन्मलेले मूल : ख्रिस्ती विश्वासाचे म्हणणे असे आहे, की देव जगात आला तो अशा ठिकाणी आला, आणि तो चुकून नव्हे तर ठरवून आला.

तीच गोष्ट मेंढपाळांची. पावसाळा सरला की माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतले धनगर कळप घेऊन बाहेर पडतात, शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात आणि रात्रभर आळीपाळीने राखण करतात. लूकच्या कथेतले मेंढपाळही रात्री रानात राहून कळप राखत होते. जन्माची पहिली बातमी राजाला नाही, मंदिरातल्या याजकांना नाही, तर गावाबाहेर जाग्या असलेल्या या माणसांना मिळते. आमच्याकडे नाताळच्या मध्यरात्री किंवा पहाटे उपासना होते ती या जागरणाची आठवण आहे. कॅथॉलिक परंपरेत तर मध्यरात्री, पहाटे आणि दिवसा अशा तीन मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासना, सांगितलेल्या आहेत, आणि पहाटेच्या मिस्सेत वाचन असते ते मेंढपाळांच्याच भेटीचे.

आता मुख्य प्रश्नाकडे यावे लागेल, आणि तो थोडा अवघड आहे. देव जन्म घेतो हे ऐकले की मराठी मनाला लगेच अवतार हा शब्द आठवतो. तो शब्द जवळचा आहे, अनेक मराठी ख्रिस्ती कवींनी तो प्रेमाने वापरलाही आहे, परंतु ख्रिस्ती मंडळी या घटनेला देहधारण म्हणते आणि त्यामागे कारण आहे. अवताराच्या कल्पनेत परमेश्वर धर्माला ग्लानी येईल तेव्हा तेव्हा येतो. देहधारण मात्र एकदाच घडले आणि ते मागे घेतले गेले नाही, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात याविषयी म्हटले आहे, की शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. येथे शब्द म्हणजे देवाचे स्वतःला व्यक्त करणे, जे सृष्टीच्या आधीपासून देवाजवळ होते आणि देवच होते. पहिल्या काही शतकांत असे म्हणणारे लोक होते, की देवाला कसला आलाय देह, येशूचे शरीर हा नुसता भास होता. मंडळीने ते मानले नाही. इ. स. ४५१ मध्ये खाल्सेदोन येथे भरलेल्या धर्मसभेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे असे ठरवून सांगितले. पूर्ण मनुष्य म्हणजे ज्याला भूक लागते, थंडी वाजते, जो आईच्या दुधावर वाढतो, पुढे थकतो, मित्राच्या थडग्यापाशी रडतो आणि खरोखरीचे मरण मरतो.

म्हणून त्या कथेतला बाळंते हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आपल्या आयांनी जुने लुगडे फाडून केलेली बाळंती वाळत घातलेली आपण पाहिली आहेत. ज्याने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली असे आम्ही मानतो, त्याला कोणी तरी पुसावे, गुंडाळावे, पाजावे, खांद्यावर टाकून थोपटावे लागले. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात यासाठी एक धीट शब्द वापरला आहे : त्याने स्वतःला रिक्त केले. नाताळच्या साऱ्या प्रथांमागचा अर्थ मला या एका क्रियापदात दिसतो. वरचा खाली आला, भरलेला रिता झाला, आणि ज्याच्यावर सगळे अवलंबून आहेत तो दुसऱ्यांच्या हातांवर अवलंबून राहिला.

या श्रद्धेतून आणखी एक गोष्ट निघते. देवाने देह घेतला असेल तर देह तुच्छ राहत नाही, आणि आजारी देहाची सेवा उपासनेच्या जवळ जाऊन बसते. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचे रुग्णालय सुरू केले आणि पुढे मिरज हे वैद्यकीय उपचारांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या इतिहासाची कारणे अनेक असतील, पण त्याच्या मुळाशी गव्हाणीतल्या देहाविषयीचा हा आदरही आहे, असे मी मानते.

बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचे घर असा होतो. येशूने पुढे स्वतःला जीवनाची भाकर म्हटले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की गव्हाणीचा दुसरा अर्थ उघडतो, कारण गव्हाण ही शेवटी खाण्याची जागा आहे. भाकरीच्या घरात जन्मलेले बाळ चाऱ्याच्या भांड्यात ठेवले जाते, आणि तेच बाळ मोठेपणी मरणाच्या आदल्या रात्री भाकर मोडून शिष्यांना देते आणि हे माझे शरीर आहे असे म्हणते. नाताळच्या दिवशी बहुतेक मंडळ्यांत प्रभुभोजनाचा विधी होतो त्यामागे हा धागा आहे. आपल्या करंज्या आणि लाडू, पाश्चात्त्यांचे केक, हे सगळे त्या भाकरीच्या भोवतीचे गोड पदार्थ आहेत.

घरात आणि चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा मांडण्याची प्रथा रूढ होण्याचे मोठे श्रेय असिसीच्या संत फ्रान्सिस यांना दिले जाते. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो या गावी त्यांनी खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणवले आणि त्या गव्हाणीवर मिस्सा साजरी करण्याची व्यवस्था केली. बाळाची गरिबी आपल्या डोळ्यांनी दिसावी एवढीच त्यांची इच्छा होती. गंमत अशी, की बैल आणि गाढव यांचा उल्लेख जन्मकथेत कोठेच नाही. ते आले आहेत यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, जिथे देव खंत करतो की बैलाला आपला धनी ओळखता येतो, गाढवाला आपल्या धन्याची गव्हाण ठाऊक असते, माझ्या लोकांना मात्र मी कळत नाही. देखाव्यात ती दोन मुकी जनावरे बाळाकडे पाहत उभी असतात ती या वचनामुळे. माणसांच्या आधी त्यांनी ओळखले, असे ते चित्र सांगते. बेंदराला बैलाची पूजा करणाऱ्या आपल्या मुलखाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आमच्या चर्चमधल्या देखाव्यात २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी असते. मुले दर वर्षी विचारतात की बाळ कुठे आहे, आणि त्यांना वाट पाहायला सांगावे लागते. ही वाट पाहणे म्हणजेच आगमनकाळ. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा हा काळ ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत याऐवजी ४० दिवसांचा उपवास असतो. आगमन येथे दुहेरी आहे : जो येऊन गेला त्याची आठवण आणि जो पुन्हा न्यायासाठी येणार आहे त्याची तयारी. म्हणून या काळाचा रंग जांभळा, जो पश्चात्तापाचाही आहे आणि राजाचाही.

आगमनकाळातल्या हिरव्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत नेतात. पुष्कळ ठिकाणी त्यांना आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावे देतात, आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते, कारण त्या दिवशी तपाच्या काळातही आनंद करा असे सांगणारे वचन वाचले जाते. या चक्राचा उगम मला फार आवडतो. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखर्न हे पाळक गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, असे मुले रोज विचारत. १८३९ मध्ये त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एकेक पेटवत नेली. अंधार वाढत जाणाऱ्या दिवसांत प्रकाशही एकेका वातीने वाढत जातो, हे त्या मुलांना शब्दांवाचून कळले.

प्रकाशाच्या या ओढीमुळे तारखेचा प्रश्नही इथेच येतो. येशूचा जन्म २५ डिसेंबरला झाला असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. इ. स. ३५४ मध्ये रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात ही तारीख आढळते आणि त्यातली नोंद ३३६ पर्यंत मागे जाते असे मानतात. ती का निवडली याविषयी दोन मते आहेत. एक असे, की सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये प्रतिष्ठा दिलेल्या अजिंक्य सूर्याच्या उपासनेला ख्रिस्ती लोकांनी दिलेले हे उत्तर होते. दुसरे असे, की येशूचा मृत्यू २५ मार्चला झाला आणि त्याच तारखेला तो गर्भात आला होता असा प्राचीन समज होता, आणि त्यापुढे नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. कोणतेही मत खरे असो, रोमन पंचांगात हा दिवस अयनाचा मानला जाई. आपली संक्रांत जशी प्रत्यक्ष उत्तरायणापासून सरकून जानेवारीच्या मध्यावर आली आहे, तशीच ती तारीखही खऱ्या अयनापासून तेव्हाच सरकलेली होती, पण अर्थ टिकून राहिला. संत ऑगस्टीन यांनी आपल्या प्रवचनात सांगितले, की ज्या दिवसापासून उजेड वाढू लागतो तो सर्वांत लहान दिवस ख्रिस्ताने जन्मासाठी निवडला. लहान होऊन येणे आणि मग वाढणे, हाच अर्थ पुन्हा आकाशात लिहिलेला सापडतो.

तारीख शास्त्रात नाही या कारणाने काही ख्रिस्ती लोकांनी नाताळ पाळणेच नाकारले, हेही सांगायला हवे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली. त्यांचा आग्रह कठोर होता, पण प्रथेखाली श्रद्धा दबून जाऊ नये ही त्यांची काळजी मला आजही योग्य वाटते.

चांदणी मत्तयाच्या कथेतली आहे. पूर्वेकडून आलेले मागी लोक ताऱ्याच्या मागोमाग बेथलेहेमला पोहोचतात आणि सोने, ऊद व गंधरस अर्पण करतात. ते तीन होते असे मत्तय म्हणत नाही. भेटी तीन म्हणून लोकांनी माणसेही तीन धरली. ते राजे होते असेही तो म्हणत नाही. ते परदेशी होते, परधर्मी होते आणि आकाशाचा अभ्यास करणारे होते, एवढे नक्की. देवाने त्यांच्याशी त्यांना कळणाऱ्या भाषेत, म्हणजे ताऱ्यांच्या भाषेत, संवाद साधला. आमच्या दारावर दिवाळीच्या आकाशकंदिलासारखीच कागदी चांदणी लावलेली असते तेव्हा तिचा अर्थ हा, की या घरात येण्यासाठी कोणाला आधी आमच्यासारखे व्हावे लागत नाही. भेटींचा अर्थ प्राचीन काळापासून असा सांगितला जातो : सोने राजाला, ऊद देवाला, आणि गंधरस मरणाऱ्या माणसाला, कारण गंधरस प्रेताला लावत असत. योहान सांगतो, की येशूच्या दफनासाठी त्याला मानणाऱ्या निकदेमाने गंधरस आणला होता. बाळाच्या पाळण्यापाशी मरणाचे द्रव्य आणून ठेवणारी ही भेट नाताळच्या आनंदात सहज विसरली जाते. पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या चित्रांत ती विसरलेली नाही. त्यांत गव्हाण दगडी पेटीसारखी आणि बाळंते कफनाच्या पट्ट्यांसारखे रंगवतात.

झाडाविषयी थोडक्यात सांगते. मध्ययुगात जर्मन मुलखात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस होता, आणि त्या दिवशीच्या नाटकात एदेन बागेतले झाड म्हणून सदाहरित झाडाला सफरचंदे बांधत. १६०५ मधल्या स्ट्रासबुर्ग शहराच्या एका वर्णनात घराघरांत अशी झाडे कागदी गुलाब, सफरचंदे आणि पातळ पापड्या लावून मांडल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे आजचे लाल चकाकते गोळे ही मूळची सफरचंदे आहेत. ज्या झाडापाशी माणूस देवापासून दुरावला, त्याच झाडाला दिवे लागले, आणि पुढे वधस्तंभाच्या लाकडावर ते दुरावणे संपले, अशी ही एक लांब साखळी आहे. आपल्याकडे सुरूची फांदी कुंडीत रोवली तरी अर्थ तोच राहतो, कारण महत्त्व हिरवेपणाला आहे.

सांताच्या मागे चौथ्या शतकातले मायरा येथील बिशप संत निकोलस आहेत. मायरा आजच्या तुर्कस्तानात आहे, आणि त्यांचा स्मरणदिन ६ डिसेंबरला असतो. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी कथा मराठी माणसाला लगेच भिडेल. एका गरीब बापाला तीन मुलींच्या लग्नासाठी हुंडा जमवता येईना आणि त्यांच्यावर विकले जाण्याची वेळ आली होती. निकोलस यांनी तीन वेळा रात्री येऊन खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली आणि आपले नाव कळू दिले नाही. या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपण म्हणतो, आणि येशूची शिकवणही जवळजवळ याच शब्दांत आहे. डच लोकांनी निकोलस यांचे सिंटरक्लास केले, अमेरिकेत त्याचे सांताक्लॉज झाले, आणि वेशभूषा एकोणिसाव्या शतकात ठरत गेली. आज बाजारपेठेत सांता सर्वत्र दिसतो आणि गव्हाण क्वचित दिसते, याचे मला वाईट वाटते. मुलांना मी सांगते, की ज्याला परत देता येणार नाही त्याला गुपचूप द्या, म्हणजे तुम्ही निकोलस यांचा सण पाळला.

हा अर्थ मराठीत पुष्कळ आधीपासून सांगितला गेला आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, आणि त्यात ही सारी कथा ओवीत आहे. आमच्या या भागाचे विशेष नाते आहे ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याशी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण येशूवर प्रेम करणारे, सगळे एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. ख्रिस्ताची भक्ती अभंगाच्या चालीवर आणि टाळ-पेटीच्या साथीने करता येते हे त्यांनी दाखवून दिले. आज नाताळच्या आधीच्या रात्री घरोघर कॅरल म्हणत फिरणारी आमची टोळी पेटी आणि ढोलकी घेऊन निघते आणि थंडीत कोणाच्या तरी ओसरीवर चहा घेऊन पुढे जाते. देव आपल्यात वस्तीला आला असेल तर तो आपल्या भाषेत आणि आपल्या चालीतही आला पाहिजे.

बेथलेहेममध्ये जन्मस्थळ मानलेल्या गुहेवर चौथ्या शतकापासून चर्च आहे. त्याचा दरवाजा फक्त सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा आहे. पूर्वीची मोठी कमान घोडे आणि गाड्या आत येऊ नयेत म्हणून टप्प्याटप्प्याने बुजवत आणली गेली, आणि आज राजा असो वा भिकारी, प्रत्येकाला कमरेत वाकूनच आत जावे लागते. आपल्या जुन्या वाड्यांच्या दिंडी दरवाजातून आत जाताना डोके वाकवावे लागते तसेच ते आहे. लोक त्याला नम्रतेचे द्वार म्हणतात. देव जिथे खाली आला तिथे ताठ मानेने शिरता येत नाही, हे त्या दगडांनी केलेले प्रवचन आहे.

हा सण एका रात्रीत संपत नाही. तो बारा दिवसांचा आहे, आणि मंडळीने या दिवसांत जे मांडले आहे ते गोड नाही. २६ डिसेंबर हा पहिला हुतात्मा स्तेफन याचा दिवस आहे. २८ डिसेंबरला हेरोद राजाने बेथलेहेममध्ये मारलेल्या निरपराध बालकांचे स्मरण होते, आणि त्याच कथेत योसेफ बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन रातोरात मिसर देशात पळून जातो. गव्हाणीतले बाळ लवकरच निर्वासित झाले. शब्बाथ शाळेत हा भाग सांगताना मी पूर्वी कचरत असे. आता सांगते, कारण ज्या जगात लेकरे मारली जातात त्याच जगात तो आला, आणि हे वगळले तर मुलांच्या हाती नुसते सुंदर चित्र राहते.

६ जानेवारीला मागी लोकांच्या भेटीचा, म्हणजे प्रकटीकरणाचा, सण होतो आणि देखावा उतरवला जातो. चांदणी घडी करून पेटीत जाते, मूर्ती कागदात गुंडाळल्या जातात. गव्हाणीत पसरलेला कडबा आमच्या मंडळीतल्या एका शेतकरी भावाच्या घरून आलेला असतो. तो टाकून दिला जात नाही. दुसऱ्या दिवशी तो भाऊ त्याचा भारा बांधून परत नेतो आणि आपल्या बैलांपुढे टाकतो, आणि बैल तो खातात.